पाठ करून

हर्णैच्या बंदरावर, सकाळी सात वीसला,
पाण्याच्या कडेला फोन धरून उभा आहे मी.
तिकडे त्यांची रात्र, दहाला दहा कमी.
इथे बैलगाड्या पोटापर्यंत पाण्यात
आणि भाल्या चोगले उलट्या टोपलीवर चढून
आकडे ओरडतोय.

मला हवं आहे एक पुठ्ठ्याचं चित्र,
तळहाताएवढं, प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचं बंद.
वर चिकटवलेला शेरा : दहापैकी चार.
चार, कारण एक कोपरा दुमडलेला
आणि छपाई जराशी डावीकडे कललेली.
चित्रात एक डावखुरा, खांद्यावर दांडका,
आमची माणसं वल्हं टाकतात तसा.
हा खेळ मी कधी बघितलेला नाही.
आबा म्हणायचे, अमेरिकन विटीदांडू,
विटी गोल, भांडणं तीच.

आबा बोटीवर खलाशी. बाल्टिमोरच्या धक्क्यावर
भटारखान्यातल्या कुणा पोऱ्याने
च्युइंगमच्या पुडीतलं हेच चित्र त्यांना दिलेलं.
आमच्या चुलीवर, टाचणीने, एकोणीस वर्षं.
धुरात आधी त्याची टोपी गेली, मग तोंड.
दांडका शेवटपर्यंत दिसत होता.

सहा दिवस मी त्या पानावर फिरकलो नाही.
पहिल्याच दिवशी बोली लावणारा
आपल्याच हाताने भाव चढवतो,
हे मला शिकवलं सखूबाय रघव्यांनी :
"जी पाटी पायजे
तिच्याकडं पाठ करून उभं ऱ्हायचं.
घासाघीस शेजारच्या मांदेलीची."

साठावर सगळ्यांचीच जीभ अडते,
म्हणून माझे एकसष्ट डॉलर, वर सदतीस सेंट.
टपाल, कस्टम धरून, डोकं थंड असताना,
बर्फ फॅक्टरीच्या पावतीमागे रात्रीच लिहून ठेवलंय :
एकसष्ट. पुढे गेलास तर गाढव.
आणि बोली शेवटच्या सहा सेकंदांत.
त्याआधी समोरच्याला उत्तर सुचतं,
त्यानंतर आमची रेंज पुरत नाही.

समोरचा म्हणजे ब, मग तीन चांदण्या, मग सात.
एवढंच नाव दाखवतात त्याचं.
तीनदा हरवलंय त्याने मला.
पाच-पाचने चढतो, म्हणजे हट्टी आहे.
हट्टी माणसाला विचार करू द्यायचा नाही.
कधी वाटतं, त्याच्याही घरी
कुठल्या तरी भिंतीत टाचणीचं भोक असेल.
मग वाटतं, असू दे.

सात एकोणतीस. वर पन्नास सेकंद.
रेंजची एक काडी होती, ती गेली.
सुवर्णदुर्गाकडे वळलो,
फोन डोक्यावर धरला, हात ताठ,
काडी आली, बोट दाबलं, चक्र फिरायला लागलं

"बेचाळीसशे! पावशांचा हात!
एक वार, दोन वार"

भाल्या माझ्याकडेच बघत होता.

तीन वार.

पडद्यावर : आपली बोली पोचली नाही.
ब, चांदण्या, सात. त्रेपन्न डॉलरला.
माझ्या कागदापेक्षा आठ कमी.
पायाशी बांगड्याचे दोन टब,
त्यांतून पाणी माझ्या चपलेत.

सखूबाय हसत हसत वाळूतच बसली.
"सगळं शिकवलं मी तुला,
हात खाली ठेवायचं तेवढं ऱ्हायलं."
मग उठली. एका बांगड्याचं कल्ल उचकटलं, लाल.
डोळा वर आलेला, स्वच्छ.
पोटावर अंगठा दाबला, खळगा राहिला नाही.

"नऊ," मी म्हणालो.
"नऊ काय?"
"दहापैकी."
"घरी नेऊन काय पूजा करणारेस?
आडतीसशे देते, बघ."

भाव सांगताना ती
माझ्या टबांकडे पाठ करून
पलीकडच्या मांदेलीच्या वाट्यांकडे
अगदी मन लावून बघत होती.